जेवढं झाकता येईल, तेवढंच उघडं करा

वाचकाचं पत्र :

आमच्या घराभोवती साधारण दोन हजार चौरस फुटांची बाग आहे. ती सासऱ्यांनी लावली आणि वीसेक वर्षं एकट्यानं सांभाळली. ते जाऊन चार वर्षं झाली आणि बागेकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. आता पुढच्या अंगणात लव्हाळा माजलाय, बाजूच्या पट्ट्यात कमरेएवढं गाजर गवत उभं आहे आणि मागच्या कुंपणावर घाणेरीनं पार भिंत गिळलीय. त्यातच सासऱ्यांचा पारिजातक आणि एक जुना सोनचाफा अजून तग धरून आहेत. दोन महिन्यांनी मुलगी परदेशातून येतेय, तोवर बाग नवी करायची असं मी ठरवलंय. दीर म्हणतात, एक दिवस जेसीबी लावा, सगळं खरवडा, नवी माती टाका आणि वेडेलियाचा हिरवा गालिचा अंथरा, महिन्यात बाग तयार. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मागची घाणेरी त्यांनी स्वतः फांदी आणून लावली होती. त्या म्हणतात, तिला हात लावायचा नाही, तिच्यावर फुलपाखरं येतात. मी दोघांच्या मध्ये अडकलेय. कुठून सुरुवात करू?

उत्तर :

ताई, आधी तो जेसीबी थांबवा. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण यंत्र एकदा अंगणात शिरलं की पुढच्या तीन-चार वर्षांचं काम वाढवून जातं. तुमचे दीर भल्यासाठीच सांगतायत, त्यांना नवं, स्वच्छ अंगण दिसतंय. मला मात्र त्या स्वच्छ अंगणात महिन्याभरानं काय उगवेल ते दिसतंय, कारण मी ते स्वतःच्या घरी पाहिलंय.

एक प्रयोग करा. पुढच्या अंगणात लव्हाळ्याचा एकच तुरा निवडा. तो हातानं उपटू नका. खुरप्यानं भोवतालची माती हळूहळू उकरत खाली जा. बोटभर खाली पांढरट, दोऱ्यासारखी मुळी लागेल आणि तिच्या टोकाला काळपट तपकिरी, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गाठ. तिथे थांबू नका. त्या गाठीतून दुसरा दोरा निघालेला असेल, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून तिसरी. माळेसारखी. नख लावून गाठ फोडली तर आत पांढरा, उग्र वासाचा गर. वरचा तुरा उपटला की तो गाठीपाशी तुटून हातात येतो आणि आपल्याला वाटतं, काढलं. गाठ खाली तशीच राहते आणि तिला पुन्हा फुटायला मोकळीक मिळते. जेसीबी काय करेल? ती माळ तोडेल, सुट्या झालेल्या गाठी अंगणभर पसरवेल आणि जिथे आज लव्हाळा नाही तिथेही नेऊन टाकेल. प्रत्येक सुटी गाठ म्हणजे एक नवं रोप. लव्हाळ्याला जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांमध्ये पहिला क्रमांक दिला जातो तो या गाठींमुळेच.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पारिजातक आणि सोनचाफा यांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. वरचा थर खरवडला तर झाडं त्या दिवशी हिरवीच दिसतील. सुकतील ती पुढच्या वर्षा-दोन वर्षांत, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येणार नाही. सासऱ्यांची तेवढीच दोन झाडं उरलीत. आजच त्यांच्या खोडांना एखादी रंगीत चिंधी बांधा, म्हणजे घरातल्या आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाला कळेल की इथे कुदळ चालवायची नाही.

आता नव्या मातीबद्दल. काही वर्षांपूर्वी मी बागेसाठी ट्रॉलीभर माती आणि शेणखत आणवलं होतं. दिसायला सुंदर, भुसभुशीत, लालसर. पंधराव्या दिवशी नव्या वाफ्यात सुईसारखे कोंब दिसले. मला वाटलं, पेरलेलं काहीतरी उगवतंय. तो लव्हाळा होता, आणि माझ्या बागेत तो त्याआधी कधीच नव्हता. तीन वर्षं मी त्याच्यामागे खुरपं घेऊन फिरले. तेव्हापासून बाहेरची माती किंवा अर्धवट कुजलेलं खत घरात येतं तेव्हा मी ते आधी एका कोपऱ्यात ढीग करून ठेवते, वर पाणी मारते आणि तीन-चार आठवडे काय उगवतंय ते पाहते. काही उगवलं तर माती तिथेच चाळते. तुम्हीही हे करा. नर्सरीतून रोप आणलं तर कुंडीतला वरचा दोन बोटं थर काढून टाका आणि रोप पिशवीतून काढताना तळाची मुळं एकदा निरखून बघा. परकं तण बहुतेक वेळा पाहुण्यासारखं दारातूनच आत येतं.

या सगळ्यावरून मी बागकामाचा एकच नियम पाळते आणि तुम्हालाही तोच सांगते : जेवढी जमीन झाकता येईल, तेवढीच उघडी करा. तण बागेत येतं ते मोकळी, उघडी, ऊन पडणारी माती मिळते म्हणून. मातीत वर्षानुवर्षांचं बी झोपलेलं असतं. खणलं की ते वर येतं, त्याला उजेड लागतो आणि ते उगवतं. म्हणजे एका दिवसात दोन हजार चौरस फूट मोकळं करणं हे तणाला दिलेलं आवतण आहे. त्याउलट दोनशे फूट साफ केले, लगेच लावले आणि उरलेल्या मातीवर पालापाचोळा अंथरला, तर ते दोनशे फूट तुमचे झाले. मग पुढचे दोनशे.

तुमच्याकडे तीन तणं आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून घाई कुठे करायची आणि धीर कुठे धरायचा हे ओळखावं लागेल.

घाई गाजर गवताची. ते उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलतं, आणि एकेका झाडाला पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बी धरू शकतं. कमरेएवढं वाढलंय म्हणजे काही झाडं फुलली असणारच. ती पांढरी, साबुदाण्याएवढी फुलं दिसतायत का बघा. ज्यांना फुलं आहेत त्यांच्या शेंड्यावर आधी मोठी पिशवी घाला, खाली बांधा, मग झाड उपटा, म्हणजे बी झडणार नाही. ज्यांना फुलं नाहीत ती नुसती उपटा. आदल्या संध्याकाळी पट्ट्याला भरपूर पाणी द्या, मऊ मातीतून मूळ सोटासकट निघतं. कापू नका. कापलं की बुडातून चार फांद्या फुटतात आणि बुटकं राहूनच फुलतं. आणि हे काम उघड्या हातांनी कुणीही करू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडावर फडकं. या गवतानं अंगावर खाज, चट्टे उठतात, काहींना दमा उसळतो, आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढे नुसत्या जवळ जाण्यानंही होतो. सासूबाईंना त्या दिवशी घरातच बसवा, खिडक्या लावून घ्या. काम झालं की कपडे वेगळे धुवा.

घाणेरीला दुसरा क्रमांक, आणि तिचं कारण फळं आहेत. हिरव्या घोसांची काळीनिळी फळं झाली की पक्षी ती खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. म्हणून उपटणं पुढच्या आठवड्यावर गेलं तरी चालेल, पण फळांचे घोस याच आठवड्यात कात्रीनं कापून पिशवीत भरा. पानं गुरांना विषारी आहेत, आणि कच्ची फळं लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत, हेही घरात सांगून ठेवा.

ती काढायची कशी, यात बहुतेक जण चुकतात. वरून छाटली की दुप्पट जोमानं फुटते. पेटवली तरी बुडातून पुन्हा येते, शिवाय ती धडाधड पेटते आणि कुंपणाला लागून आहे, तेव्हा तो विचारही मनात आणू नका. तिचा जीव खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीत असतो, जमिनीच्या अगदी लगत. आधी फांद्या छाटून बुडापर्यंत वाट करून घ्या. मग कुदळीनं बुडाभोवतीची माती बाजूला करा आणि ती गाठ दिसली की तिच्या चार-पाच सेंटीमीटर खाली मुख्य मूळ तोडा. सगळी मुळं खणून काढायची गरज नाही. गाठ निघाली की खाली उरलेल्या मुळांतून सहसा काही फुटत नाही. काढलेलं झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून दगडावर किंवा फरशीवर ठेवा. मातीला टेकलेली फांदी ओल मिळाली की मुळं धरते. मी एकदा छाटलेल्या फांद्यांचा ढीग आठवडाभर मातीवरच पडू दिला होता, आणि तळाच्या तीन फांद्यांनी पांढरी मुळं सोडलेली मी स्वतः सोडवून काढली.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे. त्यांच्या दृष्टीनं ती घाणेरी तण नाहीच. ती एक फांदी आहे, जी त्यांनी हातानं आणली, रुजवली, आणि जिच्या फुलांचे रंग पिवळ्याचे गुलाबी होताना त्यांनी कितीतरी संध्याकाळी पाहिले. त्या खोटं काहीच बोलत नाहीयेत. फुलपाखरं खरंच येतात. म्हणून त्यांच्या नकळत, त्या देवळात किंवा नातेवाइकांकडे गेलेल्या असताना ते झुडूप काढू नका. चार वर्षांपूर्वी त्यांचा माणूस गेला, आणि आता त्यांच्या हातची खूण एका दुपारी गायब झाली, तर नव्या बागेत त्या पाऊल ठेवणार नाहीत.

त्यांना सोबत घेऊन मागे जा. कुंपणापलीकडे बघा. मला जवळजवळ खात्री आहे की पलीकडच्या मोकळ्या जागेत, भिंतीच्या भेगेत, पारिजातकाच्या बुडाशीही तिची पिल्लं उगवलेली असतील. ती त्यांना दाखवा. घाणेरी मूळची उष्ण अमेरिकेतली, तीही बागेचं शोभेचं झुडूप म्हणूनच जगभर नेली गेली, आणि आज ती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ज्यांनी ज्यांनी ती लावली, त्यांनी ती फुलांसाठीच लावली होती. तेव्हा यात सासूबाईंची चूक नाही, आणि हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. मग विचारा, फुलपाखरं यायलाच हवीत, तर या जागी काय लावू या? निवड त्यांना करू द्या. तुमच्या भागातली मूळची फुलझाडं मिळाली तर उत्तम, कारण फुलपाखराला मध पुरत नाही, अंडी घालायला आणि अळ्यांना खायला त्यांची ठरलेली पानंही लागतात. कढीपत्ता आणि लिंबू लावलं तर त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतील. थोडी पानं कुरतडली जातील, ती जाऊ द्या. मधासाठी शेजारी पेंटास, जास्वंद असं काहीतरी.

कुणी म्हणेल, नर्सरीत बी न धरणारी घाणेरी मिळते, तीच कुंडीत लावून द्या. मी नाही सुचवणार. अशा काही जातींना स्वतःला फळ धरत नसलं तरी त्यांचा पराग जवळपासच्या रानटी घाणेरीला लागून बी धरल्याचं आढळलंय. तुमच्या कुंपणापलीकडे ती आहेच. धोका कशाला?

वेडेलियाबद्दल मी स्पष्टच सांगते : लावू नका. दिसतो छान, पिवळी फुलं, बारा महिने हिरवा, काळजी काहीच नाही. काळजी नाही हेच त्याचं दुखणं आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून तो मुळं सोडतो, वाफा ओलांडतो, गटारात उतरतो, आणि कापलेला तुकडा कचऱ्याबरोबर जिथे पडेल तिथे रुजतो. घाणेरी ज्या शंभरांच्या यादीत आहे, त्याच यादीत हाही आहे. एक आक्रमक झुडूप काढून त्याच्या जागी दुसरा आक्रमक वेल अंथरायचा, तर एवढे कष्ट कशासाठी?

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. परदेशातून आलेलं प्रत्येक झाड वाईट असं मी म्हणत नाहीये. आपल्या बागांमधली निम्मी फुलं कुठून ना कुठून आलेलीच आहेत, झेंडूसुद्धा. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाचा 2023 चा अहवाल सांगतो की माणसानं इकडून तिकडे नेलेल्या वनस्पतींपैकी साधारण 6 टक्केच आक्रमक ठरतात. प्रश्न त्या थोड्यांचाच आहे. म्हणून कुठलंही नवं रोप आणताना नर्सरीवाल्याला त्याच्या फुलांबद्दल विचाराल, तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा : हे बी फार धरतं का, आणि याचा तुकडा पडला तर रुजतो का? "काहीही करावं लागत नाही, आपोआप पसरतं" असं उत्तर आलं, तर ते रोप तिथेच ठेवा.

लव्हाळा दोन महिन्यांत जाणार नाही, हे मी तुम्हाला आजच प्रामाणिकपणे सांगते. तो दोन-तीन वर्षांचा वसा आहे. पण त्याची एक दुबळी बाजू आहे : त्याला सावली सोसत नाही. दाट झुडपांखाली, रोपांच्या गर्दीत तो खंगतो. म्हणून पुढच्या अंगणात हिरवळीचा नाद सोडा आणि तिथे गुडघ्या-कमरेएवढी वाढणारी, पसरट, दाट झुडपं लावा. लावण्यापूर्वी वाफ्यापुरती माती कोरडी असताना खणा, हातानं गाठी वेचा आणि फरशीवर उन्हात टाका. कडक उन्हात पंधरवडाभर सुकली की गाठ मरते. मात्र मध्येच पाणी लागलं तर वाचते, म्हणून त्यांच्यावर झारीचं पाणी सांडू देऊ नका. लागवडीनंतर दर आठ-दहा दिवसांनी जो कोंब दिसेल तो खुरप्याच्या टोकानं खालून काढा. नवी पानं तयार करायला गाठीला स्वतःतलं साठवलेलं अन्न खर्च करावं लागतं, आणि पानं मोठी व्हायच्या आतच काढली तर ती भरपाई होत नाही. एखादा आठवडा चुकला तर ठीक आहे, दोन महिने चुकले तर पहिल्यापासून सुरुवात.

मीठ, व्हिनेगर, रॉकेल असले उपाय कुणीतरी सांगेलच. व्हिनेगरनं फक्त वरची पानं करपतात, गाठीला काही होत नाही. मीठ मातीत राहतं आणि तिथे तुम्हाला हवं ते झाडही धरत नाही. रॉकेलचं तर नावही नको. तणनाशकाची गरज तुमच्याएवढ्या बागेत मला दिसत नाही. दोन जुनी झाडं, घरात वयस्कर माणूस आणि फुलपाखरांची अपेक्षा असताना तर अजिबात नाही.

उपटलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि घोळ तिथेच होतो. बी धरलेलं गाजर गवत, घाणेरीची फळं, लव्हाळ्याच्या गाठी घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. घरचा ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापून तसाच टिकेल याची खात्री नसते, आणि मग तुम्ही स्वतःच ते तण खतातून बागभर वाढाल. मी एक झाकणाचं पिंप ठेवलंय. त्यात पाणी भरून असला सगळा माल बुडवते, वर दगड ठेवते आणि दोन-तीन महिने उघडत नाही. वास घाण येतो, पण गाठी कुजून चिखल होतात. फळं आणि बी मात्र मी पिंपातही टाकत नाही, ती बंद पिशवीत भरून कचऱ्यात जातात. न फुललेलं गाजर गवत मात्र उन्हात वाळवून आच्छादनाला खुशाल वापरा, हातमोजे घालून.

आता दोन महिन्यांत काय होऊ शकतं ते बघू. पहिले तीन-चार दिवस काहीही खणू नका. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला अंगणात फिरून ऊन कुठे पडतं ते चौकटीच्या कागदावर मांडा. नळ कुठे आहे, पाणी कुठे साचतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं, सासूबाई संध्याकाळी कुठे बसतात, हे सगळं त्याच कागदावर. मग पायवाट आखा, झाडं नंतर. दोरी किंवा पाण्याचा पाईप जमिनीवर टाकून वाट आखा आणि दोन दिवस त्यावरून चालून बघा. वाट निदान तीन फूट हवी. सासूबाई काठी घेऊन किंवा कुणाचा हात धरून चालत असतील तर चार फूट करा आणि कुठेही पायरी ठेवू नका. वाफे चार फुटांहून रुंद नकोत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि निंदताना वाफ्यात पाय पडत नाही. रोपांमधलं अंतर आज दिसतं त्यावरून नाही, झाड पूर्ण वाढल्यावर किती पसरेल त्यावरून धरा. पहिलं वर्ष मध्ये मोकळं दिसेल, तिथे झेंडू किंवा तसलं हंगामी काहीतरी पेरा.

मुलगी येईपर्यंत दोनच जागा पूर्ण करा : दारासमोरचा तुकडा आणि मागचा घाणेरीचा कोपरा. बाजूचा गाजर गवताचा पट्टा साफ करून झाकून टाका. झाकायला साधे पुठ्ठ्याचे खोके पुरतात. चकचकीत छपाईचे नकोत, चिकटपट्ट्या आणि पिना काढून घ्या. जमीन ओली करा, पुठ्ठे वीतभर एकमेकांवर चढवत अंथरा, पुन्हा भिजवा आणि वर तीन-चार बोटं जाडीचा पालापाचोळा. फट राहिली की गवत बरोबर तीच शोधतं, म्हणून कडांकडे लक्ष द्या. लव्हाळ्याची टोकदार सुई पुठ्ठ्यालाही भोक पाडून वर येते, म्हणून पुढच्या अंगणात यावर विसंबू नका. वाफ्यांतही रोपांमध्ये आच्छादन हवंच, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं. पारिजातक, सोनचाफ्याच्या बुडाशीही तसंच.

कुणी पारदर्शक प्लास्टिक अंथरून जमीन उन्हानं तापवायला सांगेल. ते चांगलं चालतं, पण भर उन्हाळ्यात, ओल्या जमिनीवर, कडा मातीत गाडून, चार ते सहा आठवडे, आणि तेही मुख्यतः बियांसाठी. झाडांच्या मुळांवर ते करू नका. तुम्हाला पुढे मागे बाजूच्या पट्ट्यात भाजी लावायची असेल तर तिथे येत्या उन्हाळ्यात करून बघा.

दीर मदत करायला तयार आहेत, हे मला आवडलं. घाणेरीची बुडं काढायला ताकद लागते आणि ते काम एकट्या बाईचं नाही. त्यांना जेसीबीऐवजी दोन रविवार आणि एक चांगली कुदळ मागा. कदाचित ते पहिली दोन बुडं खणतील तेव्हाच त्यांना कळेल की ती गाठ हातात येणं म्हणजे काय असतं.

आणि सासूबाईंसाठीही एक काम राखून ठेवा. मागचा कोपरा साफ झाल्यावर पहिल्या पावसानंतर तिथे घाणेरीची रोपं पुन्हा उगवतील, मातीतलं बी एवढ्यात संपत नाही. समोरासमोर दोन-दोन पानं, कडा करवतीसारखी, हात फिरवला तर खरखरीत, आणि पान चुरडलं की तो ओळखीचा उग्र वास. इतर रोपांमधून ती लहान असताना ओळखणं तुम्हाला जड जाईल. त्यांना जाणार नाही. कोपऱ्यात खुर्ची टाकून द्या, त्या बोट दाखवतील, तुम्ही उपटा.